रक्त थांबलं तेव्हा

निवृत्त पोस्टमास्तरांच्या हनुवटीखाली वस्तरा केसभर घसरला. केसभरच. रस्त्यावर कुणी भोंगा वाजवला नव्हता, पोस्टमास्तर शिंकले नव्हते, आणि एकतीस वर्षं हाच धंदा केलेल्या माणसाचा हात घसरावा असं दुसरंही काही घडलं नव्हतं. साबणाच्या फेसावर लाल ठिपका उमटला, फुगला आणि ओघळला. सलूनवाल्याने सवयीने डाव्या हाताने तुरटीचा खडा उचलला, पाण्यात बुडवून जखमेवर टेकवला आणि मनातल्या मनात आकडे मोजू लागला. साठपर्यंत मोजलं की रक्त थांबतं. फार तर शंभर. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हातानेच शिकून घेतलं होतं. आजवर किती गाल, किती हनुवट्या, किती मानेच्या वळ्या या हाताखालून गेल्या असतील! त्यातल्या एकानेही त्याला शंभराच्या पुढे मोजायला लावलं नव्हतं. शंभर झाले. त्याने खडा उचलला. रक्त परत आलं, शांतपणे, जसं काही मधे कुणी आलंच नव्हतं. त्याने पुन्हा खडा दाबला. दोनशे झाले. पुन्हा तेच. पोस्टमास्तरांच्या गळ्याभोवतीच्या पांढऱ्या कापडावर आता नखाएवढा डाग पडला होता.

"घाबरू नका हो," पोस्टमास्तर डोळे न उघडता म्हणाले. "माझं रक्त हल्ली आळशी झालंय. पातळ करायची गोळी चालू आहे ना. थांबेल. तुम्हालाच कुठे जायचं असेल तर सांगा, मला काही घाई नाही."

सलूनवाला हसला नाही. त्याने खडा बाजूला ठेवला, कापसाची घडी केली आणि दोन बोटांनी ती जखमेवर दाबून धरली. बोटांखाली पोस्टमास्तरांची नाडी लागत होती, कधी दोन ठोके लगोलग, मग एक उशिरा. समोरच्या आरशात दोघे दिसत होते: अर्धा गाल फेसाने भरलेला एक म्हातारा, आणि त्याचा गळा धरून उभा असलेला दुसरा, त्याच्याहून थोडा लहान माणूस.

"माझा मुलगा काय म्हणाला माहितीये?" पोस्टमास्तर बोलतच होते. दाढी करताना त्यांना बोलायची सवय होती, आणि आता तर वस्तराही बाजूला होता. "दात घासताना रक्त यायला लागलं मला, तर म्हणतो, बाबा, बंद करा ती गोळी, हे बरं लक्षण नाही. मी म्हटलं, विचारून बघू. डॉक्टर असे ओरडले! म्हणाले, रक्त आलं तर लगेच मला सांगायचं, मी गोळी कमी-जास्त करीन. पण आपल्या मनाने बंद करायची नाही. बाहेर वाहिलेलं रक्त आपल्याला दिसतं तरी आजोबा, आत गोठलेलं कुणाला दिसणार?" ते जरासे हसले, त्यांचा गळा बोटांखाली हलला. "पटलं मला. मुलगा प्रेमानेच सांगत होता म्हणा. पण प्रेमाने सांगितलं म्हणून खरं असतं असं थोडंच आहे?"

सलूनवाल्याने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. बोटं मात्र हलली नाहीत. बोटांना त्यांचं काम ठाऊक होतं.

रक्त थांबायला बारा मिनिटं लागली. त्याने उरलेली दाढी केली, पट्टी लावली, डाग पडलेलं कापड बादलीत टाकलं. पोस्टमास्तर काठी टेकत, सवयीने "बरं, येतो" म्हणत गेले. बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला त्याने सांगितलं, "आज जमणार नाही. उद्या या." गिऱ्हाईक बघतच राहिलं. सकाळचे साडेदहा वाजले होते. सलूनवाल्याने अंगातला कामाचा डगला काढून खुंटीला लावला, शटर खाली ओढलं आणि तो घरी न जाता बसस्टँडकडे चालू लागला. लेकीच्या गावाला बसने दोन तास लागत. आपण निघालोय हे त्याने तिला कळवलं नाही. कळवलं तर ती विचारणार होती, का येताय, आणि फोनवर त्या प्रश्नाचं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं.

खिडकीशी जागा मिळाली. बस शहराबाहेर पडेपर्यंत त्याने फक्त दुकानांच्या पाट्या वाचल्या. एका चष्म्याच्या दुकानाची पाटी आली तशी त्याने मान फिरवली. त्याची बायको चष्म्याच्या दुकानात कामाला होती. काचा बसवणं, दांड्या वाकवून कानाला बरोबर बसतील असं करणं, हे तिचं काम. रस्त्याने जाताना अनोळखी माणसाच्या नाकावर वाकडा चष्मा दिसला की तिचे हात शिवशिवायचे. एकदा तर बसमध्ये शेजारच्या बाईला "एक मिनिट हं" म्हणून तिने तिचा चष्मा काढून घेतला होता आणि नीट करून परत चढवला होता. ती बाई इतकी चकित झाली की उतरताना तिने आभार मानले की शिव्या दिल्या हे दोघांनाही कळलं नव्हतं. घरी भांडण निघालं की बायको म्हणायची, "तुमच्या हातात वस्तरा असतो म्हणून मी गप्प बसते हो. नाहीतर दाखवलं असतं." आणि गप्प कधीच बसायची नाही. त्याच दुकानात वरच्या फळीवरून खोकी काढताना ती स्टुलावरून पडली. घोट्याचं हाड मोडलं. पाय पोटरीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला. सहा आठवडे नुसतं बसून राहायचं. ती बसली. बसून कंटाळली. पाचव्या आठवड्यात प्लास्टरच्या वर, गुडघ्याच्या मागे ठणकायला लागलं, मांडी सुजली. तिला वाटलं प्लास्टर घट्ट झालंय. इस्पितळात नेलं तर तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. पायाच्या आतल्या मोठ्या नसेत रक्ताची गुठळी झाली होती. चार दिवस इंजेक्शनं, आणि मग ती गोळी. रोज रात्री जेवणानंतर, आठच्या ठोक्याला. किमान सहा महिने. ठरलेल्या तारखांना रक्त तपासायला यायचं. आणि एकही चुकवायची नाही, डॉक्टरीणबाईंनी हे तीनदा सांगितलं होतं. तीनदा. तिसऱ्यांदा त्याच्याकडे बघून.

आठ वाजता लेकीचा फोन यायचा. ती त्या दुसऱ्या गावात पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायची. दिवसभर शिट्टी वाजवून आणि ओरडून तिचा आवाज बसलेला असायचा. "आई, गोळी?" एवढंच. "घेतली गं बाई. तुझ्यासमोर तोंड उघडून दाखवू का?" मग दोघी हसायच्या आणि इकडच्या तिकडच्या गोष्टी सुरू व्हायच्या. तो टेबल पुसता पुसता ऐकायचा. तेव्हा त्याला वाटायचं, चला, वाईटातून सुटलो.

दुसऱ्या महिन्यात तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. आधी थोडं. मग सकाळी बेसिन लालसर व्हायचं आणि ती पाणी टाकून ते घाईघाईने धुवायची, त्याला दिसू नये म्हणून. दंडावर निळे-जांभळे डाग उमटले. टेबलाचा कोपरा लागला तरी रक्त साकळायचं. त्या डागांवरून त्याची बोटं फिरायची आणि त्याला आतून भीती वाटायची. त्याच्या जगात रक्त म्हणजे थांबायची गोष्ट होती. ज्याच्या हातून रक्त थांबत नाही तो कसला कारागीर! लहानपणापासून एवढं एकच शास्त्र त्याने मनापासून मानलं होतं की, रक्त आलं तर वाईट, थांबलं तर बरं. आणि इथे त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच घरात, एक नखाएवढी गोळी त्याच्या बायकोचं रक्त थांबू देत नव्हती. एका सकाळी तिचा घोळणा फुटला. अर्धा तास नाकातून रक्त येत राहिलं. ती बेसिनवर वाकलेली, तो तिचं नाक चिमटीत धरून उभा, आणि शंभर, दोनशे, पाचशे मोजतोय.

त्या संध्याकाळी तोच म्हणाला, "बंद कर ती गोळी."

"काहीतरीच काय! विचारल्याशिवाय बंद करायची नाही म्हणाल्यात त्या."

"विचारू की. पुढच्या आठवड्यात जायचंच आहे तपासायला. तोवर थांबव. अगं, अंगातलं रक्त असं वाहून चाललंय, आणि तू वर आणखी गोळी घेणार? मी रोज रक्त बघतो. मला कळतं."

मला कळतं. बसच्या खिडकीबाहेर शेतं मागे पळत होती, दोन-तीन गोदामं गेली, एक पूल गेला, आणि हे दोन शब्द त्याच्या दातांत अडकल्यासारखे तिथेच राहिले. तिने तरी का ऐकलं? एरवी कुठे ऐकायची! भिंतीला रंग कुठला द्यायचा यावर त्यांनी दोन महिने वाद घातला होता, आणि शेवटी तिचाच रंग लागला होता. पण त्या दिवशी ती दमलेली होती, घाबरलेलीही असेल, आणि ज्या गोष्टीत आयुष्यभर त्याचाच शब्द चालायचा ती ही एकच होती. बोट कापलं की ती त्याच्याकडे यायची. "बघा हो," म्हणून बोट पुढे करायची. तर त्या दिवशीही तिने तसंच केलं, म्हणजे बोट नाही, सगळं अंगच पुढे केलं. "तुम्ही म्हणताय तर बघू," म्हणाली. आठ वाजले. फोन वाजला. "आई, गोळी?" तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, हो म्हण. ती म्हणाली, "घेतली गं बाई."

पाच-सहा दिवसांत हिरड्या बंद झाल्या. बेसिन पांढरं राहू लागलं. दंडावरचे डाग पिवळे पडून पुसत गेले. त्याला काय आनंद झाला होता! "बघ, थांबलं ना? बरं झालं ना?" तो रोज सकाळी विचारायचा आणि ती आरशात दात दाखवून हसायची. तपासायला जायची तारीख आली तेव्हा तोच म्हणाला, आता बरं आहे तर कशाला धावपळ, पुढच्या आठवड्यात जाऊ. तिकडे लेकीच्या तलावावर स्पर्धेचं शिबिर सुरू झालं होतं, तिला रात्री फोन करायला जमेना, ती नुसता निरोप पाठवायची, "गोळी घे." आई उत्तर पाठवायची, "घेतली." गोळी बंद केल्याच्या पंधराव्या दिवशी, सकाळी, दुकानाला निघालेल्या त्याला दारापर्यंत सोडायला ती आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "थांबा जरा," म्हणाली. त्याला वाटलं, काहीतरी आणायला सांगतेय.

पुढचं तो आठवत नसे. पुढचं त्याच्याभोवती उभंच असे, आठवायची गरज नसे. दाराच्या चौकटीपासून तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत पन्नास मिनिटं. इस्पितळाच्या लांब कॉरिडॉरमध्ये त्याच डॉक्टरीणबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. वय लेकीएवढंच. त्या फार हळू बोलत होत्या. "काका, कापलं की रक्त गोठतं ना, ते आपल्याला वाचवायला. जिथे भोक पडलंय तिथेच गोठतं, आणि भोक बुजलं की शरीर ते काम आपणच थांबवतं. पुढे ती गाठ विरघळवूनही टाकतं. हे झालं चांगलं गोठणं. पण पाय महिनाभर हलला नाही, आतलं रक्त संथ झालं, की भोक नसतानाही ते गोठायला लागतं. कुठे थांबायचं हेच शरीराला कळत नाही. त्यातला तुकडा सुटतो, रक्ताबरोबर हृदयातून पुढे जातो आणि फुफ्फुसाची वाट अडवतो. गोळी त्यासाठीच होती." मग त्यांनी विचारलं, "गोळ्या चालू होत्या ना?"

आणि तो म्हणाला, "हो."

एवढंच. हो. त्या क्षणी तो खोटं बोलतोय असं त्याला वाटलंही नव्हतं. तोंडातून शब्द पडला, आणि मग त्याच्यावर एकेक दिवस चढत गेला, आणि सात महिन्यांत तो इतका घट्ट झाला की त्याच्या आरपार काही जाईना. लेक आली. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, तपासणीत आईंच्या रक्तात गोळीचा काहीच परिणाम दिसला नाही. लेकीने घरी येऊन कपाट उघडलं, गोळ्यांची पाकिटं काढली आणि तारखा लावून गोळ्या मोजल्या. पंधरा जास्त होत्या. ती जमिनीवर बसून त्या पाकिटांकडे बघत राहिली. "विसरली ती," म्हणाली. "बाबा, ती विसरली. मी फोन करत होते तोवर बरोबर घेत होती. शिबिराच्या नादात मी फोन बंद केला आणि ती विसरली." हिशेब बरोबर नव्हता, शिबिर नंतर सुरू झालं होतं, चार-पाच दिवसांचा फरक होता. पण स्वतःवर दोष घ्यायचा ठरवलेल्या माणसाला चार-पाच दिवसांचा फरक दिसत नाही. तो शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याने तोंड उघडलं होतं. लेक म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका बाबा. तुम्ही माझी समजूत घालू नका." आणि त्याने तोंड मिटलं.

तेव्हापासून लेक रडली नव्हती. तिची तब्येत उतरली, स्पर्धांचं काम तिने सोडलं, फक्त लहान मुलांचे वर्ग घ्यायची. रविवारी फोन करायची. तो रविवार जवळ आला की त्याला धास्ती वाटायची. बोलता बोलता ती कधीतरी एकदम म्हणायची, "फोन एक मिनिटाचा असतो हो बाबा. एक मिनिट नव्हतं माझ्याकडे." आणि तो म्हणायचा, "असं मनाला लावून घेऊ नये." प्रेमानेच म्हणायचा.

पोहण्याचा तलाव बसस्टँडपासून चालत दहा मिनिटांवर होता. आत ऊन होतं, ओल्या फरशीचा आणि औषध टाकलेल्या पाण्याचा वास होता. लेक काठाशी उकिडवी बसून आठ-दहा मुलांना पाय मारायला शिकवत होती. मुलं काठाला धरून एवढं पाणी उडवत होती की त्यांची डोकीच दिसत नव्हती. तिने मान वर केली, बापाला पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ती धावतच आली.

"काय झालं? बरे आहात ना?"

"बरा आहे. तुझा वर्ग होऊ दे. मी बसतो."

"बाबा, तुम्ही दुकान बंद करून आलाय. सकाळी. काय झालं सांगा."

त्याने वर्ग संपायची वाट पाहायचं ठरवलं होतं. कुठून सुरुवात करायची तेही बसमध्ये ठरवलं होतं, पोस्टमास्तरांपासून. पण तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्याने इतक्या जवळून बऱ्याच दिवसांनी पाहिली आणि ठरवलेलं सगळं गळून पडलं. "आई विसरली नव्हती," तो म्हणाला. "गोळी मी बंद करायला लावली. तिला रक्त येत होतं म्हणून. मी म्हटलं बंद कर. ती नको म्हणत होती. मीच."

मागे मुलं पाणी उडवत होती. कुणीतरी "ताई, ताई, हा मला ढकलतोय" ओरडत होतं. लेक तशीच उभी होती, गळ्यातली शिट्टी मुठीत धरून.

"किती तारखेपासून?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं.

"म्हणजे मी तेव्हा फोन करत होते." ती बोटांवर काहीतरी मोजत होती, तोंडाने नाही. "मी रोज विचारत होते. ती घेतली म्हणत होती. तुम्ही तिथेच असायचात ना? टेबलाशी?"

"हो."

"ती खोटं सांगायची तेव्हा तुम्ही काय करायचात?"

त्याला वाटलं, हे सांगितलं नाही तरी चालेल. मग त्याला वाटलं, तसं तर मग काहीच सांगितलं नाही तरी चालेल. "मी मान हलवायचो," तो म्हणाला. "हो म्हण, म्हणून."

लेक वळली आणि मुलांकडे गेली. तिने शिट्टी वाजवली, मुलांना पाण्याबाहेर काढलं, एकेकाला मोजलं, रांग लावली, कपडे बदलायच्या खोलीशी नेऊन तिथल्या बाईंच्या ताब्यात दिलं. सगळं नीट, एकही पायरी न चुकवता. एका मुलीच्या चपलांचे बंद तिने वाकून लावून दिले. तो बघत होता. त्याला पूर्वी वाटायचं की कधीतरी हे सांगितलं तर ती ओरडेल, काहीतरी फेकेल, आणि त्या ओरडण्याने त्याला बरं वाटेल. तसलं काहीच ती त्याला देत नव्हती.

ती परत आली तेव्हा तिने अंगावर कोरडा सदरा चढवला होता. "चला, बस मिळेल तुम्हाला," म्हणाली. दोघं चालले, ती दोन पावलं पुढे. थांब्यावर कुणी नव्हतं. ती बाकाच्या एका टोकाला बसली, तो दुसऱ्या.

"सात महिने," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "सात महिने मी रोज आठ वाजता तो फोन करते बाबा. मनातल्या मनात. रोज करते आणि रोज ती उचलते. तुम्हाला दिसत होतं ना माझं काय चाललंय?"

"दिसत होतं."

"मग?"

याचं एक उत्तर त्याच्यापाशी होतं. सात महिने त्याने ते जपून ठेवलं होतं, आणि रोज त्याच्या आडोशाला बसला होता. आता ते काढायची त्याला लाज वाटली, पण तिने विचारलं होतं. "त्या सकाळी आईला दम लागला होता ना, दारात. मी तिला धरून खाली बसवलं. तेव्हा ती म्हणाली, पोरीला गोळीचं सांगू नका हं. तुम्हाला बोलेल ती. शेवटचं तेच बोलली. तिने सांगितलं म्हणून मी..." तो थांबला. "नाही. तिने सांगितलं ते खरं आहे. पण मी तिच्यासाठी गप्प बसलो नाही. मला बरं पडलं म्हणून बसलो."

लेकीने पहिल्यांदाच त्याच्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे जाता जाता ती तुम्हाला वाचवत होती."

"हो."

"आणि ते सगळं माझ्यावर आलं."

"तिला काय माहीत गं. तुला त्रास व्हावा असं ती..."

"तिचं मला सांगू नका," लेक म्हणाली. आवाज चढला नव्हता. "ती कशी होती मला माहितीये. आली बघा तुमची बस. चढा."

तो चढला. दुसरं काय करणार? त्याला वाटलं होतं ती 'पुन्हा येऊ नका' म्हणेल किंवा 'रविवारी फोन करते' म्हणेल. ती दोन्हींतलं काहीच म्हणाली नाही. मागच्या काचेतून ती दिसत होती, थांब्याच्या खांबाशेजारी सरळ उभी, हात मोकळे सोडलेले. बस सुटली. चौकात वळताना त्याने पुन्हा मागे पाहिलं तर ती उभी नव्हती. बाकही रिकामं होतं. ती खाली फुटपाथवर बसली होती, लहान मूल हट्टाने बसतं तशी पाय पसरून, आणि तिचे खांदे हलत होते. एक बाई पिशवी घेऊन तिच्याजवळून जाता जाता थांबली होती.

"थांबवा," तो ओरडला. वाहक म्हणाला, "आता पुढच्या थांब्याला." पुढचा थांबा फार दूर नव्हता. तो उतरला आणि मागे चालू लागला, मग जवळजवळ धावू लागला, साठीच्या माणसाला जमेल तसा. जाऊन काय बोलायचं हे त्याला माहीत नव्हतं. ती तिथे असेल की नाही हेही नव्हतं. ती होती. पिशवीवाली बाई निघून गेली होती. लेक गुडघ्यांत डोकं घालून रडत होती, आवाज करून, कुणाचीही लाज न धरता. "आई," एवढाच एक शब्द मधूनमधून कळत होता. दोष नाही, फोन नाही, गोळी नाही. नुसतं आई. तो धापा टाकत तिच्यापासून हातभर अंतरावर फुटपाथवर बसला. तिला हात लावायची त्याची हिंमत झाली नाही.

बराच वेळ गेला. समोरच्या दुकानाची सावली रस्ता ओलांडून त्यांच्या पायांपर्यंत आली. लेकीने सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं.

"तुम्ही मला सांगितलं होतं ती शांतपणे गेली," ती म्हणाली. "काही कळलंच नाही तिला, असं सांगितलं होतं. तेही खोटं का?"

तो फुटपाथच्या कडेची माती बोटाने उकरू लागला.

"फार दम लागला होता का हो तिला?"

दुखेल असं काही तिच्या वाटेला येऊ नये, त्यासाठी खोटं बोलावं, अजून एकदाच, असं त्याला आताही वाटत होतं. त्याने श्वास घेतला.

"हो," तो म्हणाला. "फार."

लेकीने मान हलवली. मग ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "सांगा. पहिल्यापासून. दारापासून." आणि तो सांगू लागला.